रक्तगट माहीत आहे, सिकलसेल?

आपल्या आय-कार्डवर नाव असतं, शाखा असते, पत्ता असतो आणि रक्तगट असतो. (फोटोही असतो, पण त्यात आपण ओळखू येत नाही, तो भाग सोडा.) रक्तगट सगळ्यांना पाठ असतो. दरवर्षी रक्तदान शिबिर होतं, बिस्किटाचा पुडा मिळतो, सर्टिफिकेट मिळतं. पण चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाने रक्ताबद्दल आणखी एक प्रश्न विचारायला हवा. तो कुठल्या फॉर्मवर नसतो, आणि असावा असं माझं म्हणणंही नाही. तो आपला आपणच विचारायचा: मी एए, एएस की एसएस?

हॉस्टेलमध्ये हा विषय काढला की दोन उत्तरं हमखास येतात. पहिलं, "ते तर आदिवासींना होते ना बे." दुसरं, "आपण मेकॅनिकलवाले, हे बायोलॉजीचं लफडं आपल्याला कशाला?" दुसऱ्या उत्तराला मी आधी हात घालतो, कारण ते सोपं आहे.

आपल्या लाल रक्तपेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. त्याच्या चार साखळ्या, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं ओळीने जोडलेली असतात. ही साखळी कशी बनवायची याची कृती अकराव्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात लिहिलेली आहे. त्या कृतीत एकच अक्षर बदललं, जीएजीच्या जागी जीटीजी झालं, की सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. एवढाच फरक. बाकी १४५ ठिकाणी सगळं बरोबर. पण या बदललेल्या हिमोग्लोबिनमधून ऑक्सिजन निघून गेला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून दोर वळल्यासारखे लांब होतात, आणि बशीसारखी गोल, लवचीक पेशी विळ्यासारखी वाकडी आणि ताठ होते. बारीक रक्तवाहिनीत या पेशी अडकतात. पुढे रक्त जात नाही आणि माणूस वेदनेने कळवळतो. चांगली लाल पेशी १२० दिवस टिकते, ही दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे. मटेरियल सायन्सच्या पेपरात आपण असेच प्रश्न सोडवतो, की कुठला अणू कुठे बसला म्हणजे धातू ठिसूळ होतो. मग इथेच कपाळाला आठ्या का?

हा आजार वैद्यकीय ग्रंथांत आला तोही एका कॉलेजच्या विद्यार्थ्यामुळे. वॉल्टर क्लेमेंट नोएल हा ग्रेनाडा बेटावरचा मुलगा दंतवैद्यक शिकायला शिकागोला गेला होता. १९०४ च्या डिसेंबरात तो आजारी पडून दवाखान्यात आला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरने त्याच्या रक्ताच्या काचेवर या विळ्यासारख्या पेशी पाहिल्या, आणि १९१० साली त्याचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी ती केस प्रसिद्ध केली. नोएलने अधूनमधून दवाखान्याच्या वाऱ्या करत डिग्री पूर्ण केली, गावी परत जाऊन दवाखाना टाकला, आणि १९१६ साली न्यूमोनियाने गेला. वय अवघं ३२. पुढे १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इन्ग्रॅम यांनी तो नेमका कुठल्या कडीत आहे ते शोधलं. म्हणजे एखादा आजार रेणूच्या पातळीवर समजणं याची सुरुवातच सिकलसेलपासून झाली. शास्त्राला जो आजार सगळ्यात आधी कळला, तो आमच्याकडच्या गावात अजून "हाडात वारं शिरलं" म्हणून ओळखला जातो.

आता पहिलं उत्तर, आदिवासींचं.

भारतात सिकलसेल पहिल्यांदा नोंदला गेला १९५२ साली, निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये. त्यामुळे तो शिक्का बसला तो बसलाच. महाराष्ट्रात डॉ. एस. एल. काटे यांनी अनेक वर्षं या आजाराचा पाठपुरावा केला. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आणि लिंगोजवार यांच्या लेखानुसार माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा जमातींत या जनुकाचं प्रमाण शंभरात २० ते ३५ पर्यंत आढळलं, आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ, नंदुरबार या प्रत्येक जिल्ह्यात पाच हजारांच्या वर रुग्ण असल्याचा अंदाज त्यांनी दिला. म्हणजे जमातींत जास्त आहे हे खरं. पण विदर्भात तो दलित वस्त्यांत आहे, कुणब्यांत आहे, तेल्यांत आहे. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही. "आपल्यात नसते" म्हणणारे बहुतेक लोक कधी तपासणीलाच गेलेले नसतात, हे मी हॉस्टेलच्या दोन मजल्यांवर विचारून पाहिलं आहे.

तो जंगलपट्ट्यातच एवढा का साचला, याचंही उत्तर आहे, आणि ते मलेरियात आहे. अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेत दाखवलं की ज्याला एका पालकाकडून सिकलचं आणि दुसऱ्याकडून चांगलं जनुक मिळालं, म्हणजे जो एएस आहे, त्याला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. ज्या मुलखात डास पिढ्यान्‌पिढ्या पोरं मारत आले, तिथे एएसवाली पोरं जगली आणि त्यांचं जनुकही टिकलं. गडचिरोलीच्या मलेरियाबद्दल तिथल्या माणसाला सांगायची गरज नाही. एक मात्र लक्षात ठेवा: हे संरक्षण एएसला आहे. एसएस रुग्णाला मलेरिया झाला तर तो दुप्पट धोक्यात असतो. अनेकजण इथे गल्लत करतात.

मी स्वतः एएस आहे. कुरखेड्याकडच्या आमच्या गावात उपकेंद्राच्या सिस्टर शाळेत आल्या होत्या, बोटाला सुई टोचली, नंतर मोठी तपासणी झाली आणि कार्ड मिळालं. मला काहीही त्रास नाही. व्हॉलीबॉल खेळतो, मेसच्या दहा पोळ्या खातो, बॅकलॉग आहे पण तो सिकलसेलमुळे नाही. एएस म्हणजे आजारी नव्हे, हे मी स्वतःचं उदाहरण देऊन सांगू शकतो.

एसएस म्हणजे काय ते मी हॉस्टेलात पाहिलं. नाव लिहीत नाही. सेकंड इयरला शेजारच्या रूममध्ये एक मित्र होता. डोळे जरा पिवळट. पोरं त्याला "काय बे, पुन्हा कावीळ?" म्हणायची, आणि एकाने तर गावाकडून काविळीची जडीबुटी आणून दिली होती, मनापासून. डिसेंबरातल्या एका रात्री गार पाण्याने आंघोळ करून तो सबमिशनसाठी जागत बसला आणि पहाटे त्याचे पाय धरले. "पाय दुखून राहिले बे, पाय दुखून राहिले," एवढंच. सूज नाही, ताप नाही, जखम नाही. कोणी म्हणालं नाटक करतो, उद्या व्हायवा आहे ना! दुसऱ्या पोराने मोव्ह चोळलं. शेवटी बाईकवर मध्ये बसवून नेलं, तोवर उजाडलं होतं. बाहेरून काही दिसत नाही, हीच या वेदनेची अडचण. थंडी, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, दमछाक, दारू, यातलं काहीही निमित्त पुरतं. आणि आपलं हॉस्टेल! मे महिन्यात पारा ४५ च्या वर, कूलरसमोर रांग, वरच्या मजल्यावर पाण्याची बोंब. ज्याला दिवसभर पाणी पीत राहायचं आहे त्याच्यासाठी याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही.

त्याची त्या सेमिस्टरला हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. मेडिकल सर्टिफिकेट दिलं तर उत्तर मिळालं की एका आजाराचं एकदाच चालतं. हा आजार दर दोन-तीन महिन्यांनी येतो, हे नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यातच नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकलसेल आहे. एसटीत या रुग्णांना प्रवास सवलत आहे. म्हणजे एसटीच्या कंडक्टरला जे माहीत आहे ते आपल्या परीक्षा विभागाला माहीत नाही. बरं, कायद्यातही एक मेख आहे: प्रवेशातलं आरक्षण मिळायला ४० टक्के अपंगत्व लागतं. जी वेदना महिनाभर नसते आणि मग चार दिवस उभं राहू देत नाही, तिची टक्केवारी कुठल्या दिवशी मोजायची? तपासणीच्या दिवशी तो पोरगा हसत-बोलत गेला तर संपलं.

आता गणिताकडे. एएस आणि एएस यांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलामागे एसएस होण्याची शक्यता २५ टक्के, एएसची ५० टक्के, एएची २५ टक्के. आमच्याकडे याचा अर्थ असा लावतात की पहिलं पोर एसएस निघालं ना, आता पुढची तीन सुटली. एम-थ्री पास झालेल्या कोणालाही कळेल की नाणं मागचा टॉस लक्षात ठेवत नाही. प्रत्येक खेपेला तेच २५ टक्के. आणि एएसचं लग्न एएशी झालं तर? एकही मूल एसएस होत नाही, प्रत्येक मूल माझ्यासारखं होण्याची शक्यता ५० टक्के. एवढं साधं आहे. (एक फट आहे: समोरच्याला बीटा थॅलेसेमियाचं जनुक असेल तर तेही सिकलशी जोडीने त्रास देतं. म्हणून नुसत्या सोल्युबिलिटी टेस्टवर थांबू नये. ती सिकल आहे एवढंच सांगते, एएस की एसएस ते सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते.)

साधं आहे, तरी माझ्या ताईचं जमलेलं लग्न यावरून मोडलं. ती माझ्यासारखीच एएस. आम्ही लपवलं नाही, कार्ड दाखवलं. मुलाकडच्यांनी "पोरगी बिमार आहे" म्हणून निरोप पाठवला. बाबांनी विचारलं, तुमच्या मुलाची तपासणी झाली का? त्यावर उत्तर आलं, "आमच्या पोराला काय धाड भरली?" म्हणजे ज्याने तपासलं ती आजारी, आणि ज्याने तपासलंच नाही तो ठणठणीत. तेव्हापासून आमच्या गावात दोन घरांनी पोरींची कार्डं ट्रंकेच्या तळाशी टाकली. त्यांना मी दोष देत नाही. पण हे असं चाललं तर तपासणी वाढेल तसं लपवणंही वाढेल. "पत्रिका जुळवू नका, रक्त जुळवा" असं भाषणात ऐकायला बरं वाटतं, पण पत्रिकेत मंगळ मुलीलाच जास्त नडतो, आणि कार्डाचंही तेच होऊन राहिलं आहे. माझं म्हणणं, आधी मुलांनी तपासून घ्यावं. हॉस्टेलच्या पोरांनी. आपली लग्नं चार-पाच वर्षांत होतील, आणि कोणत्या बाजूचं कार्ड आधी टेबलावर येतं यावर बराच फरक पडेल.

दोघंही एएस निघाले तरी जग बुडत नाही. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या महिन्यांत गर्भाची तपासणी करता येते; पुढचा निर्णय त्या दोघांचा. आणि एसएस मूल झालं तरी आता ते काही मरणाचं फर्मान नाही. बाळपणी पेनिसिलिन, न्यूमोनियाची लस, फॉलिक आम्लाच्या गोळ्या आणि हायड्रॉक्सीयुरिया यांनी आयुष्य बदलतं.

हायड्रॉक्सीयुरियावर थोडं थांबतो, कारण आपल्या कंट्रोल सिस्टिमवाल्यांना ते आवडेल. हे संयुग १८६९ साली जर्मनीत तयार झालं, आधी कॅन्सरसाठी वापरलं गेलं. डीएनएच्या विटा पाडणारं एक एन्झाइम असतं, रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज. हे औषध त्याला ब्रेक लावतं. एन्झाइमला ब्रेक लावणं ही काही बाहेरची युक्ती नाही. आपल्याच पेशींत असे जनुक आहेत ज्यांचं कामच ब्रेकचं प्रथिन बनवणं. उदाहरणार्थ पी-२१ नावाचं प्रथिन पेशीविभाजन पुढे ढकलणाऱ्या काइनेज एन्झाइमांना अडवतं, म्हणून बिघडलेल्या डीएनएची पेशी दुरुस्तीआधी फुटत नाही. हायड्रॉक्सीयुरियाने अस्थिमज्जेतल्या पेशींचा वेग मंदावतो आणि त्या धामधुमीत गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं. पोटातलं बाळ हेच हिमोग्लोबिन वापरतं, त्याच्यात बीटा साखळीच नसते, म्हणून एसएस बाळालाही पहिले काही महिने त्रास होत नाही. मग ते बंद का पडतं? तिथेही ब्रेकच आहे: बीसीएल-११-ए नावाचा जनुक, ज्याचं प्रथिन गर्भातल्या हिमोग्लोबिनचं जनुक बंद करून ठेवतं. हे २००८ साली कळलं. १९९५ च्या अमेरिकन चाचणीत हायड्रॉक्सीयुरियाने वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले होते. गोळी स्वस्त आहे. मात्र अधूनमधून रक्त तपासावं लागतं, डोस बघावा लागतो, गरोदरपणात चालत नाही. म्हणजे डॉक्टर हवा, लॅब हवी आणि तिथवर जायला रस्ता हवा. भामरागडच्या पलीकडे पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की गोळी स्वस्त असून उपयोग काय?

त्या बीसीएल-११-ए च्या ब्रेकलाच कात्री लावणारा क्रिस्पर उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. आपल्याकडेही दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेने स्वदेशी क्रिस्पर उपचार विकसित केला असून २०२५ च्या नोव्हेंबरात तो बिरसा मुंडांच्या नावाने जाहीर झाला. आनंद आहे. टेक-फेस्टच्या पोस्टर स्पर्धेत दरवर्षी एक तरी क्रिस्परचं पोस्टर असतंच, आणि त्याला बक्षीसही मिळतं. पण ते पोस्टर करणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःचं एए-एएस माहीत होतं, हे मला विचारावंसं वाटतं.

केंद्र सरकारची सिकलसेल मोहीम १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत 'निर्मूलन' असं उद्दिष्ट. तपासणीचा आकडा भराभर वाढला, २०२५ मध्येच ६ कोटींच्या वर गेला. मला 'निर्मूलन' हा शब्द खटकतो. देवीच्या रोगाचं निर्मूलन झालं, कारण विषाणू माणसाबाहेर काढता येतो. इथे जे काढायचं ते माझ्या रक्तात आहे. मी कशातून निर्मूल होऊ? आकडा मोजायचाच असेल तर किती तपासले याबरोबर किती जणांना पुढच्या महिन्यात गोळी मिळाली हा मोजा.

डॉ. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत काम सुरू केलं तेव्हा त्यांच्या सुरुवातीच्या शोधकामात सिकलसेल होता. पण लोकांना तातडीचं दुखणं दुसरंच वाटत होतं, आणि पुढे 'सर्च'चं नाव जगभर झालं ते घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या प्रयोगामुळे. तो १९९९ साली लॅन्सेटमध्ये छापून आला. मला यातून एवढं दिसतं की तपासणाऱ्याची घाई आणि ज्याचं रक्त आहे त्याची गरज एक नसते. हॉस्टेलवर हे सक्तीने करायला गेलं तर तेच होईल. यादी नोटीस बोर्डावर लागेल, आणि एसएसवाल्या पोराला रूम पार्टनर मिळणार नाही. (स्पर्शाने काही होत नाही हे इंजिनिअरला सांगावं लागू नये, पण लागतं.)

म्हणून माझी मागणी छोटी आहे. रक्तदान शिबिरात रक्तपेढीच्या टेबलाशेजारी आणखी एक टेबल ठेवावं. ज्याला वाटेल त्याने तपासावं, निकाल बंद पाकिटात ज्याचा त्याला मिळावा, आणि समजावून सांगणारं माणूस तिथे बसलेलं असावं. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते, तेव्हा खर्चाची सबब चालणार नाही. ज्याला एसएस आहे आणि ज्याने स्वतः सांगितलं आहे, त्याची हजेरी वर्षाला एका सर्टिफिकेटावर अडवू नये. रात्रीसाठी वॉर्डन सरांकडे एका ऑटोवाल्याचा नंबर असावा. आणि पहाटे तीनला कोणी "पाय दुखून राहिले" म्हणाला तर आधी कोमट पाणी पाजावं, अंगावर ब्लँकेट टाकावं आणि दवाखाना गाठावा. छातीत दुखत असेल, ताप असेल किंवा धाप लागली असेल तर मिनिटभरही वाट पाहू नये. नाटक आहे का ते नंतर ठरवू.

टेबलाचा अर्ज मी लिहून ठेवला आहे. तो एनएसएसच्या सरांकडे शिबिराच्या आधी जायला हवा. ज्यांना सही करायची असेल त्यांनी मेसच्या काउंटरवर ठेवलेल्या वहीत नाव आणि शाखा लिहावी. एए, एएस लिहायची गरज नाही.